रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, तरी स्यूडोमोनास परत का येतो? आणि जंतूंचं ‘बोलणं’ बंद करता येतं का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तराचा संदर्भ सगळ्यांना लागेल. त्यांच्या वडिलांना बऱ्याच वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, टीबी गेला, पण उजव्या फुफ्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या फुगून सैल पडल्या. सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हटलं आहे. यंदा खोकला वाढला, कफ हिरवा झाला आणि बेडक्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू निघाला. रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम, सगळ्या अँटिबायोटिक्सपुढे ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. दोन आठवडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं, बरं वाटलं. दोन महिन्यांत पुन्हा तेच, पुन्हा तोच जंतू, पुन्हा सगळं ‘सेन्सिटिव्ह’. आता डॉक्टरांनी आठवड्यातून तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन सुरू केलं आहे आणि त्या औषधाचं तर रिपोर्टवर नावही नाही. दरम्यान ताईंनी क्वोरम सेन्सिंगबद्दल, म्हणजे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप देतात याबद्दल, वाचलं. हे बोलणं तोडणारं औषध मिळतं का, लसणाच्या कॅप्सूल द्याव्यात का आणि अॅझिथ्रोमायसिन चालू ठेवावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात बरीच वर्षं क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी करते. पेशंट माझ्यासमोर क्वचित येतो, त्याचा बेडका येतो. त्यामुळे वडिलांचं औषध बदलायचं की नाही हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी सांगू शकते ते एवढंच की आमचा रिपोर्ट नेमकं काय सांगतो, काय सांगत नाही आणि क्वोरम सेन्सिंगच्या ज्ञानाचा तुमच्या घरात आज काय उपयोग आहे. तुमचे तीन प्रश्न मला वेगवेगळे वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माझ्या प्लेटवरचा, म्हणजे लॅबमधल्या जंतू वाढवायच्या बशीतला, जंतू आणि वडिलांच्या फुफ्फुसातला जंतू जातीने एक असला तरी दोघांचं वागणं एक नाही.

सुरुवात प्लेटपासून करू. बेडका आला की आम्ही तो वेगवेगळ्या माध्यमांवर लावतो आणि रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवतो. स्यूडोमोनास असेल तर सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडतानाच बऱ्याचदा कळतं, कारण पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. मॅकॉन्की अगारवर फिकट, रंगहीन वसाहती दिसतात, तर साध्या अगारवर वसाहतींभोवती माध्यमात निळसर हिरवा रंग उतरलेला असतो. त्यातली एक वसाहत उचलून ऑक्सिडेजच्या पट्टीवर घासली की काही सेकंदांत गडद जांभळा डाग पडतो. मग तो जंतू सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत कालवतात, कापसाच्या बोळ्याने म्यूलर-हिंटन अगारवर पातळ सारवतात आणि वर औषधांच्या चकत्या ठेवतात. १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं रिकामं वर्तुळ मोजलं की ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ ठरतं.

या चाचणीत जंतूला सगळं फुकट मिळतं: ताजं अन्न, भरपूर हवा, मोकळी जागा. तो भराभर वाढत असतो, एकेकटा असतो आणि औषध त्याच्यापर्यंत सरळ पोहोचतं. बहुतेक अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूलाच नीट मारतात. वडिलांच्या फुफ्फुसात मात्र तोच जंतू घट्ट कफात, चिकट थराच्या आत, कमी प्राणवायूत, अर्धवट उपाशी आणि संथ वाढत बसलेला आहे. या थराला आम्ही बायोफिल्म म्हणतो. थरातल्या जंतूंना मारायला लागणारं औषध प्लेटवरच्या मापापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि सैल झालेल्या नळीत साठलेल्या कफात तितकं औषध पोहोचतच नाही. कोर्सने वरवरचे, वाढते जंतू मरतात, सूज उतरते, माणसाला बरं वाटतं. आतले उरतात आणि पुन्हा पसरतात. म्हणून दोन्ही वेळा ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट खोटा नव्हता. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, प्रश्नच वेगळा होता. जुन्या स्यूडोमोनासच्या संसर्गात रिपोर्ट आणि गुण यांचा मेळ अनेकदा बसत नाही, हे छातीचे डॉक्टर जाणून असतात.

आता त्या निरोपांकडे येते. स्यूडोमोनासचा प्रत्येक जंतू सतत काही छोटे रेणू बनवून बाहेर सोडत असतो. त्यातले दोन मुख्य रेणू एकाच घराण्यातले आहेत, एकाला बारा कार्बनची लांब शेपटी आणि दुसऱ्याला चार कार्बनची आखूड. पहिला बनवणाऱ्या आणि ओळखणाऱ्या यंत्रणेला लास म्हणतात, दुसरीला आरएचएल. तिसरी पीक्यूएस नावाची यंत्रणा आहे, तिचा रेणू १९९९ मध्ये सापडला. जंतू विरळ असले की हे रेणू इकडेतिकडे विरून जातात. जंतू दाटले की रेणू साठतात, एका पातळीनंतर जंतूच्या आतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात आणि एकाच वेळी काही शे जीन चालू किंवा बंद होतात. या जंतूचा पूर्ण जनुकीय आराखडा २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे साडेपाच हजार जीन आहेत. त्यातला एवढा मोठा हिस्सा निव्वळ गर्दीच्या अंदाजावर चालतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा पाहिली असेल तर कल्पना लगेच येईल. कोरम भरल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. पण सभेत हजेरीपट असतो, डोकी मोजली जातात. जंतू डोकी मोजत नाहीत. त्यांना कळतो तो फक्त आजूबाजूला साठलेला रेणू. म्हणजे मोकळ्या वाहत्या जागेत जंतू पुष्कळ असूनही हुकूम सुटणार नाही आणि कोंडलेल्या कोपऱ्यात थोडक्या जंतूंमध्येही सुटू शकेल. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

हा शोध फुफ्फुसात लागलेला नाही, तो समुद्रात लागला. व्हिब्रिओ फिशेरी नावाचे उजेड देणारे जंतू हवाईच्या एका छोट्या स्क्विडच्या अंगात राहतात. पाण्यात विखुरलेले असताना ते अंधारेच असतात, स्क्विडच्या प्रकाशावयवात दाटी झाली की उजळतात. व्हिब्रिओ जंतू आपणच सोडलेला रेणू साठल्यावर उजळतात, हे १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी मांडलं. क्वोरम सेन्सिंग हे नाव १९९४ मध्ये रूढ झालं आणि तोवर स्यूडोमोनाससकट अनेक जंतूंमध्ये असाच प्रकार आढळू लागला होता.

फुफ्फुसात या हुकुमावर काय सुटतं ते महत्त्वाचं आहे. इलॅस्टेज हे एन्झाइम फुफ्फुसाच्या लवचिक धाग्यांना कापतं. पायोसायनिन हे निळसर रंगद्रव्य पेशींना आतून भाजून काढणारे प्राणवायूचे रेणू तयार करतं आणि श्वासनलिकेच्या केसांची हालचाल मंदावतं. प्लेटवर मला सुंदर दिसतो तो निळसर हिरवा रंग त्याच घराण्याचा. ऱ्हॅम्नोलिपिड हे साबणासारखं द्रव्य आपल्या पांढऱ्या पेशी फोडतं. जोडीला सायनाइडही बनतं. इन्क्युबेटरमधला द्राक्षांचा वाससुद्धा अशाच एका यंत्रणेखाली बनणाऱ्या रेणूचा आहे. हे सगळं बनवणं महागडं काम आहे. एकट्यादुकट्या जंतूने ते केलं तर त्याचा काही परिणाम होणार नाही, उलट शरीराची संरक्षणव्यवस्था आधीच जागी होईल. म्हणून पुरेशी संख्या होईपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांनी एकदम करायचं. १९९८ मध्ये असंही दिसलं की लास यंत्रणेचा रेणू बनवू न शकणाऱ्या स्यूडोमोनासचा बायोफिल्म नीट उभा राहत नाही, सपाट राहतो आणि साबणासारख्या द्रावणाने सुटून येतो. पुढच्या प्रयोगांत माध्यम बदललं की हा फरक कमीजास्त होतो असंही आढळलं, त्यामुळे निरोप नाही तर बायोफिल्मही नाही, असं सरसकट म्हणता येत नाही.

आपलं शरीरही हे निरोप नुसतं ऐकत बसत नाही. आपल्या श्वासनलिकेच्या पेशींमध्ये पॅराऑक्सोनेज नावाची एन्झाइम्स असतात, ती लांब शेपटीचा रेणू मोडून टाकतात. नाकाच्या आतल्या केसाळ पेशींवर तर कडू चव ओळखणारा ग्राहक सापडला आहे, जिभेवर असतो तोच. जंतूचे रेणू त्याला लागले की केसांची हालचाल वाढते आणि पेशी जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा ग्राहक काही माणसांत आनुवंशिकतेने मंद असतो, काहींत तीक्ष्ण. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

मग ताईंचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. हुकूमच तोडला तर? जंतू मेला नाही तरी निरुपद्रवी होईल, शिवाय मारायचं नसल्यामुळे रेझिस्टन्सचा दबावही कमी असेल. ही कल्पना पंचवीसेक वर्षं जगभर तपासली जात आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ आपल्या अंगावर जंतू साचू नयेत म्हणून फ्युरॅनोन नावाची द्रव्यं बनवतं आणि ती याच निरोपांमध्ये अडथळा आणतात. त्यावरून बनवलेल्या रेणूंनी उंदरांच्या फुफ्फुसात चांगला गुण दिला. पण ती द्रव्यं माणसाला देण्याजोगी नव्हती, फार तिखट आणि विषारी. लसणातल्या अजोएन या घटकानेही प्रयोगशाळेत हे निरोप दबतात. मग सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या जन्मजात आजाराच्या काही रुग्णांना आठ आठवडे लसणाच्या तेलाच्या किंवा बिनऔषधी कॅप्सूल देऊन पाहिलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले, दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ताई, जेवणातला लसूण जरूर खाऊ द्या, पण कॅप्सूल औषध म्हणून देऊ नका. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर मुळीच नको, लसणाच्या अर्काने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. निरोप तोडणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज बाजारात नाही. कुणी तसं सांगून काही विकत असेल तर पैसे वाचवा.

उपाय का सापडला नाही, याचं माझ्या मते सर्वांत खरं कारण माझ्याच प्लेटवर दिसतं. नव्याने संसर्ग झालेल्या रुग्णाचा स्यूडोमोनास हिरवा, सुवासिक आणि पसरट वाढणारा असतो. वर्षानुवर्षं फुफ्फुसात राहिलेला स्यूडोमोनास बेडक्यातून आला की प्लेटवर एकाच रुग्णाच्या चार तऱ्हेच्या वसाहती दिसतात. काही लाळेसारख्या चिकट असतात, तार लावली तर धाग्यासारख्या ओढल्या जातात. काही टाचणीच्या टोकाएवढ्या, दोन दिवसांनी कशाबशा दिसणाऱ्या. आणि काहींवर तिरप्या उजेडात रॉकेलच्या थरासारखी धातूची झाक दिसते, मध्ये मध्ये वसाहत स्वतःच विरघळून खड्डे पडलेले असतात. ही झाक ज्यांच्यावर असते त्यांच्यात बहुधा लास यंत्रणेचं ग्राहक प्रथिन बिघडलेलं असतं. म्हणजे त्या जंतूंनी मुख्य निरोप ऐकणंच सोडून दिलेलं असतं. एकाच रुग्णाच्या फुफ्फुसातले सुरुवातीचे आणि कित्येक वर्षांनंतरचे जंतू ताडून पाहिलेलं काम २००६ मध्ये आलं, त्यातही हाच जीन सर्वाधिक वेळा बिघडणाऱ्या जीनांपैकी एक निघाला.

हे असं का होतं? इलॅस्टेजसारख्या गोष्टी जंतूच्या बाहेर जातात, त्यांचा फायदा सगळ्या शेजाऱ्यांना होतो. एखाद्याने खर्च न करता नुसता फायदा घेतला तर तो जोमाने वाढतो. शिवाय कफातल्या विशिष्ट अन्नावर हे बिघडलेले जंतू चांगले पोसले जातात. आणि म्हणून ते निरुपद्रवी होतात का, तर नाही. अनेक जुन्या जंतूंमध्ये लास बंद पडली तरी आरएचएल यंत्रणा तिच्या परवानगीशिवाय आपलं काम चालू ठेवते. सोसायटीची सभा कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने कोरमशिवाय भरून ठराव मंजूर होतात, तसंच हे आहे. समजा लास यंत्रणा अचूक बंद करणारी गोळी उद्या मिळाली. तुमच्या वडिलांच्या फुफ्फुसातल्या जंतूंपैकी कितींना तिची फिकीर असेल? जंतू जुने असतील तर फारशी नसेल.

याहून अनपेक्षित एक गोष्ट व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसली. त्यांच्या श्वासनलिकेत काही दिवसांत निरोप न ऐकणारे, कमी आक्रमक जंतू आपसूक वाढतात. अॅझिथ्रोमायसिन देऊन निरोप दाबले तेव्हा या फुकट्या जंतूंचा फायदाच संपला, कारण आता खर्च कुणीच करत नव्हतं. परिणामी मूळचे, निरोप ऐकणारे आणि जास्त घातक जंतू टिकून राहिले. हे काम २०१० मध्ये आलं. निरोप तोडणं म्हणजे हमखास भलं, असं गृहीत धरू नये, हे मी तेव्हापासून विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

मग अॅझिथ्रोमायसिन कशासाठी? आमच्या रिपोर्टवर त्याचं नाव नसतं, कारण नेहमीच्या मात्रेत ते स्यूडोमोनासला मारत नाही हे आधीच ठाऊक आहे. तपासण्यात अर्थ नाही म्हणून चकतीच ठेवत नाही. तरीही ते उपयोगी पडतं. १९८० च्या दशकात जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस या बारीक श्वासनलिकांच्या जुनाट आजारात याच कुळातलं एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत दीर्घकाळ दिलं गेलं. फुफ्फुसात स्यूडोमोनास असलेल्या आणि एरवी फार काळ न जगणाऱ्या त्या रुग्णांचं आयुष्य स्पष्टपणे वाढलं. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये न्यूझीलंडमध्ये १४१ रुग्णांवर आठवड्यातून तीनदा ५०० मिलिग्रॅम अॅझिथ्रोमायसिन देऊन झालेला अभ्यास २०१२ मध्ये आणि नेदरलँड्समधला ८३ रुग्णांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत आजार उफाळण्याच्या वेळा कमी झाल्या. प्रयोगशाळेत अॅझिथ्रोमायसिन स्यूडोमोनासचे निरोप आणि त्यावर बनणारी विषं दाबतं, हे खरं आहे. पण ज्यांच्या कफात स्यूडोमोनास नव्हता त्यांनाही फायदा झाला. त्यामुळे त्याचा मोठा वाटा आपल्या शरीराची सूज आणि कफाचं प्रमाण कमी करण्याचा असावा. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध बेछूट नाही, विचार करून दिलेलं दिसतं. ते मनाने बंद करू नका.

फक्त डॉक्टरांना इतकं विचारून घ्या: औषध सुरू करण्याआधी बेडका टीबीच्या आणि टीबीसारख्या इतर मायकोबॅक्टेरियांच्या कल्चरसाठी पाठवला होता का? त्या इतर मायकोबॅक्टेरियांवर अॅझिथ्रोमायसिन हे मुख्य औषध आहे. ते एकटंच दिलं तर जंतू त्याला निबर होतो आणि पुढचा उपचार फार अवघड होतो. ईसीजी झाला होता का? हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काहींना असतो, इतर औषधांबरोबर तो वाढतो. ऐकायला कमी येऊ लागलं तर लगेच सांगा. आणि वडिलांना आधी टीबी होऊन गेला आहे, म्हणून आणखी एक. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं टीबीच्या जंतूलाही काही काळ दाबतात. त्या गटातले कोर्स पुन्हा पुन्हा झाले आणि टीबी मागे लपलेला असला तर निदान लांबतं. पुढचा कोर्स सुरू होण्याआधी बेडक्याची सीबीनॅट किंवा तत्सम टीबी चाचणी करून घेणं आपल्याकडे शहाणपणाचं आहे.

टीबीचं एवढं का बोलते आहे तेही सांगते. क्वोरम सेन्सिंगवरचं फुफ्फुसातलं बहुतेक संशोधन सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवरचं आहे. त्यांच्या कफात दोन्ही रेणू सापडले आणि त्यांचं आपसातलं प्रमाण बायोफिल्ममधल्या जंतूंसारखं होतं, म्हणजे आखूड शेपटीचा रेणू वरचढ, हे २००० मध्ये दाखवलं गेलं. पण तो आजार जन्मजात आहे आणि युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. ३१ केंद्रांतल्या २१९५ भारतीय रुग्णांची ब्रॉन्किएक्टेसिसची नोंदवही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३५.५ टक्के रुग्णांना मूळ कारण टीबी होतं आणि कफात सर्वाधिक सापडलेला जंतू स्यूडोमोनासच होता, १३.७ टक्के रुग्णांत. परदेशातलं वाचून थेट वडिलांना लावू नका, असं मी म्हणते ते यामुळे. जंतू तोच असला तरी तो ज्या फुफ्फुसात राहतो ते वेगळं आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: रिपोर्ट एकट्या वाढत्या जंतूबद्दल बोलतो, आजार गर्दीतल्या जंतूचा आहे. गर्दीचे निरोप तोडणारं औषध नाही आणि जुन्या जंतूंवर ते चालेलच असंही नाही. अॅझिथ्रोमायसिनला जागा आहे, पण ती मुख्यतः दुसऱ्या कारणाने.

मग हाती काय उरतं? माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा घरात वापरता येण्याजोगा अर्थ एकच आहे: कफ साठू देऊ नका. वर म्हटलं तसं, जंतू संख्या मोजत नाहीत, साठा मोजतात. प्रयोगशाळेत जंतूंवरून द्रव वाहता ठेवला तर दाटी असूनही निरोपांचा हुकूम सुटत नाही, हे दिसलेलं आहे. छातीच्या व्यायामाने रेणू धुतले जातात म्हणूनच गुण येतो, असा दावा मी करणार नाही, तो माणसात सिद्ध झालेला नाही. कफाबरोबर जंतू, पू, विषं सगळंच बाहेर जातं, एवढं कारण पुरेसं आहे. पण कोंडलेला कोपरा हाच या जंतूचा आधार आहे आणि तोच आपल्याला मोडता येतो. छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या: कोणत्या कुशीवर झोपून, कसा खोल श्वास घेऊन, कसा जोरात ‘हा’ करून कफ वर आणायचा. वडिलांची उजवी बाजू खराब आहे, तेव्हा त्या भागाला उतार मिळेल अशी बसण्याझोपण्याची पद्धत ते दाखवतील. फुंकायची छोटी थरथरणारी उपकरणं मिळतात, ती काहींना फार सोयीची पडतात. डॉक्टरांनी खारट पाण्याचं नेब्युलायझेशन सांगितलं तर ते व्यायामाच्या आधी घ्यायचं आणि पहिला डोस त्यांच्या देखरेखीखाली, कारण काहींना दम लागतो. सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असतानाही. आपल्याकडे लोक अँटिबायोटिक काटेकोर घेतात आणि व्यायाम चार दिवसांत सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेब्युलायझर हा या जंतूचा आवडता मुक्काम. स्यूडोमोनासला ओल हवी: सिंकचं भोक, नळाची जाळी, ह्युमिडिफायर, पाणी राहिलेली नळी. पावसाळ्यात ऐरोली-ठाण्यात धुतलेलं भांडंही दिवसभर सुकत नाही. प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क सुटे करून साबणाने धुवा, उत्पादकाने परवानगी दिली असेल तर पाच मिनिटं उकळा आणि पंख्याखाली स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडे होऊ द्या. ओलं असताना डब्यात बंद करू नका. घरातल्या निरोगी माणसांना हा जंतू सहसा त्रास देत नाही, तेव्हा नातवंडांना आजोबांपासून लांब ठेवण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि प्रश्नात ती आली नाही. यंदाच्या आधी कधी बेडक्यात स्यूडोमोनास निघाला होता का? पहिल्यांदाच सापडला असेल तर तो अजून हिरवा, मोकळा, एकजिनसी असण्याची शक्यता जास्त. तेव्हा त्याला मुळातून काढायचा प्रयत्न करतात: दोन आठवडे पोटातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन, गरजेप्रमाणे त्यानंतर काही महिने कोलिस्टिन किंवा टोब्रामायसिन या अँटिबायोटिकचं नेब्युलायझेशन. वर्षभरात किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा किंवा जास्त वेळा सापडला असेल तर त्याने मुक्काम केला असं समजतात. मग उद्दिष्ट बदलतं. जंतू हद्दपार करण्याचा हट्ट सोडून तो कमी आणि शांत कसा राहील हे पाहतात. तुमच्या दोन रिपोर्टांत दोन महिन्यांचं अंतर आहे, म्हणजे तुम्ही नेमके सीमेवर आहात. जुने सगळे कल्चर रिपोर्ट, अगदी टीबीच्या काळातले, एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांना दाखवा. हा निर्णय त्या फाइलवर ठरेल.

पुढचा नमुना देताना: सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरून, व्यायामानंतर छातीतून आलेला कफ रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत घ्यायचा. लाळ नको. मायक्रोस्कोपखाली तोंडातल्या चपट्या पेशीच जास्त दिसल्या तर आम्ही नमुना परत मागवतो. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडायची असेल तर हे सहज होतं. जमणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याच दिवशी आणा. सुरू असलेली अँटिबायोटिक्स फॉर्मवर लिहा, अॅझिथ्रोमायसिनसकट, आणि ‘ब्रॉन्किएक्टेसिस, आधी स्यूडोमोनास’ असंही लिहा. ते लिहिलेलं असलं की आम्ही प्लेट एक दिवस जास्त ठेवतो, सावकाश वाढणाऱ्या बारीक वसाहती शोधतो आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक तऱ्हेची तपासणी वेगळी लावतो.